घराला वाळवी लागली तर: नागपूरकरांसाठी ओळख, तपासणी आणि उपचार

वाळवी जिथे दिसते तिथे ती राहत नाही. कपाटाच्या मागे किंवा दाराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली की माणूस आधी फवाऱ्याची बाटली शोधतो. पण त्या रेघेतून ये-जा करणारे किडे फक्त चारा न्यायला आलेले असतात. त्यांचं घर, राणी आणि पिल्लं जमिनीखाली असतात, कदाचित तुमच्या अंगणात, कदाचित शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये. म्हणून पहिलीच गोष्ट लक्षात ठेवा: औषध प्रामुख्याने मातीला द्यायचं असतं, लाकडाला नंतर. आणि त्याही आधी पाणी शोधायचं असतं. ज्यांच्याकडे दर दोन वर्षांनी वाळवी परत येते, त्यांच्याकडे बहुधा हाच क्रम उलटा झालेला असतो.

नागपुरात तिला पोषक गोष्टी पुष्कळ. बेसा, मनीषनगर, वाठोडा, हिंगणा रोड या बाजूंची कितीतरी लेआउटं काल-परवापर्यंत शेतं होती. शेतजमिनीत वाळवी असतेच, घर तिच्या डोक्यावर बांधलं जातं. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि या ओढाताणीत जोत्याला, फरशीला बारीक भेगा पडतात. वाळवीला एक मिलिमीटरची भेगही पुरते. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचं दुखणं वेगळं: मातीच्या भिंती, जमिनीत रुतलेले लाकडी खांब, आणि दोन घरांमध्ये एकच भिंत. तिथे एकट्याने उपचार करून फारसं साधत नाही, शेजाऱ्याला सोबत घ्यावं लागतं.

आधी ओळख पटवा

घरात लाकडाचा भुगा दिसला की सगळेच “वाळवी लागली” म्हणतात. दरवेळी ती वाळवी नसते.

मातीतली वाळवी भुगा टाकत नाही. ती लाकूड आतून खाते आणि रिकाम्या जागेत माती भरते. वरचा रंग, सनमायका, पॉलिश शाबूत राहतं, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. चौकटीवर बोटाच्या मागच्या बाजूने ठोका. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, खाल्लेल्याचा पोकळ. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं आणि ते आत गेलं, तर समजा.

तांदळाच्या पिठासारखी मऊ पावडर आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर तो लाकडातला भुंगा. बांबू, आंब्याचं लाकूड, रबरवुडचं स्वस्त फर्निचर ही त्याची आवड. त्याला मातीचा उपचार नको, त्या वस्तूपुरता इलाज पुरतो. खसखशीसारखे कडक, कंगोरे असलेले बारीक दाणे खाली पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ती लाकडातच राहते, जमिनीशी तिचा संबंध नसतो. किनारपट्टीच्या दमट हवेत ती जास्त; आपल्याकडे बहुतेक वेळा गाठ पडते ती मातीतल्या वाळवीशीच. मात्र मुंबई-कोकणातून आणलेलं जुनं फर्निचर असेल तर हे दाणे एकदा शोधा.

पंखवाल्यांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण घबराट त्यांच्यामुळेच होते. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की त्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती ढिगाने पंखवाले किडे येतात आणि सकाळी फरशीवर नुसते पंख उरतात. हे वाळवीचे नर-मादी. नवीन वसाहत करायला निघालेले. मुंगीलाही पंख येतात, पण फरक सोपा आहे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा बरेच लांब असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे छोटे. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवीची कंबर जाडच, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ.

आता खरा प्रश्न: ते आले कुठून? खिडकीतून दिव्याकडे आले असतील, तर लाइट बंद करा, सकाळी झाडून टाका, विषय संपला. त्यातले बहुतेक पाली, पक्षी आणि मुंग्यांच्याच पोटात जातात. पण ते चौकटीच्या फटीतून, स्कर्टिंगच्या वरून, भिंतीच्या भेगेतून *बाहेर पडताना* दिसले, तर वसाहत घराखाली किंवा भिंतीतच आहे आणि बरीच जुनी आहे. नवी वसाहत पंखवाले काढत नाही, त्याला काही वर्षं जावी लागतात. ती जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा, फोटो काढा. उपचार करणाऱ्याला यापेक्षा उपयोगी माहिती दुसरी नाही.

टॉर्च घेऊन घराची फेरी मारा

सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि पेन्सिल घ्या. सुरुवात घराबाहेरून करा. जोत्याच्या कडेने हळूहळू चाला आणि जमिनीतून भिंतीवर चढणारी, पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी शोधा. पोर्चच्या पायऱ्यांची बाजू, संडास-बाथरूमच्या पाइपाभोवतीची जागा, कंपाउंडच्या भिंतीचा कोपरा, गेटचा लाकडी खुंटा, कुंड्यांच्या मागची भिंत बघा. बांधकामानंतर राहिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या, बल्ल्या, सरपण भिंतीला टेकवून ठेवलं असेल, तर ते सगळं उलटून पाहा. नव्या घरांत वाळवीला पहिलं आमंत्रण बहुधा इथूनच जातं: गवंडी गेला, फळ्यांचे तुकडे भरावात तसेच राहिले.

मग कूलर. आपल्या शहरात या तपासणीचा हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा, आणि बाहेरगावच्या कुठल्याही माहितीपत्रकात तो नसतो. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीला कूलर लागलेला असतो. टाकी झिरपते, वुडवूल किंवा खसच्या ताट्यांतून पाणी ठिबकतं, खिडकीखालची भिंत चार महिने ओली राहते. बाहेर पंचेचाळीस अंश, सगळी माती वाळून दगड झालेली, आणि त्यात ही एकच जागा गार-ओली. वाळवी मातीतला ओलावा सोडून फार काळ जगत नाही. अशा उन्हाळ्यात ती ओलाव्याकडेच येणार. खिडकी लाकडी चौकटीची असेल, तर खालचं आडवं लाकूड नक्की ठोकून पाहा. कूलरच्या मागच्या बाजूला, स्टँड जमिनीला टेकतो तिथेही वाका. गेल्या वर्षीच्या काढलेल्या ताट्या गच्चीवर किंवा जिन्याखाली रचून ठेवायची सवय असेल, तर त्या फेकून द्या. तो वाळवीचा चाराच आहे.

घरात आल्यावर दारांच्या चौकटी खालून वर तपासा, उंबरठ्यालगत जास्त. किचनमध्ये सिंकखालचं कपाट रिकामं करून मागची पाटी पाहा. बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली कपाटं, देव्हाऱ्याचा मागचा भाग, पुस्तकांचं खालचं शेल्फ, माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी, लोखंडी ट्रंकेखाली अंथरलेले जुने पेपर, दिवाणातल्या कापसाच्या गाद्या. वाळवीला लाकूडच लागतं असं नाही. कागद, पुठ्ठा, सुती कापड, सगळं चालतं. भिंतीचा रंग एखाद्या ठिकाणी फुगला असेल आणि ओल नसेल, तर नखाने खरवडून पाहा. वायरिंगच्या लाकडी पट्ट्या किंवा स्विचबोर्डातून माती डोकावत असेल, तर तिथे स्वतः हात घालू नका. त्यात द्रवरूप औषध मारणं हा तर सरळ शॉक लागण्याचा धंदा. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडवा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीखालच्या आणि नाग नदीकाठच्या ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांनी तळाची प्लायची कामं अजून एकदा उघडून पाहावीत. भिजलेलं प्लाय वरून वाळतं, पण पाट्यांच्या मागे भिंतीला चिकटलेला भाग फार उशिरा कोरडा होतो. पूर्वी जोत्याभोवती औषध केलेलं असलं, तरी वाहत्या पाण्याने माती हलली म्हणजे त्या औषधाचा भरवसा राहत नाही.

नळी फोडा, पण औषध मारू नका

मातीची नळी दिसली की झाडूने साफ करायचा मोह आवरा. मधला दोन-तीन इंचांचा तुकडा अलगद काढा. आत पांढुरके, पिठुळ रंगाचे किडे धावताना दिसले, तर वाळवी चालू आहे हे तिथेच कळलं. काहीच दिसलं नाही, तर तारीख लिहून तीन-चार दिवस थांबा. तुकडा ओल्या मातीने पुन्हा जोडला गेला, तर मार्ग चालू आहे. तसाच राहिला, तर तो मार्ग सोडलेला असू शकतो. वसाहत मेली असं मात्र त्यावरून ठरत नाही, तिने दुसरीकडून वाट काढलेली असेल.

या काळात त्यावर दुकानातला स्प्रे मारायचा नाही, हे का सांगतो? स्प्रेने समोरचे शंभर-दोनशे मरतात. बाकीच्या त्या वाटेने यायचं थांबवतात आणि तुमच्या हातात असलेला एकमेव धागा तुटतो. जमिनीखाली राणी रोज हजारोंनी अंडी घालत असते, तिला या शंभरांचं काही नाही.

पाणी तोडा

औषधाचा खर्च करण्याआधी हे काम, आणि ते बहुतांशी फुकट आहे. ठिबकणारा नळ, सिंकखालचा जॉइंट, बाथरूमच्या टाइल्सचा उघडा पडलेला ग्राउट, गच्चीवरून भिंतीवर सांडणारा पन्हाळीचा पाइप दुरुस्त करा. कूलरचा स्टँड भिंतीपासून थोडा सरकवा, टाकीखाली ट्रे ठेवा, पाणी पाइपने दूर सोडा. जोत्याला चिकटून बागेचा वाफा असेल, तर तो निदान दोन फूट बाजूला न्या. मातीचा भराव जोत्याच्या वर गेला असेल, तर खाली उतरवा. भिंतीचा खालचा भाग डोळ्यांना दिसला पाहिजे, म्हणजे नळी चढली की लगेच कळेल. लाकूड आणि माती यांचा थेट स्पर्श कुठेही नको. कपाटं भिंतीपासून बोटभर पुढे घ्या, शक्य असेल तर पायांवर उचला.

एवढ्याने वाळवी मरणार नाही. पण हे न करता केलेलं औषध वर्ष-दोन वर्षांत वाया जातं.

लाकडाचं काय करायचं

खाल्लेल्या लाकडाला कुठलंही औषध पुन्हा ताकद देत नाही. चौकटीचा खालचा फूटभर भाग पोकळ झाला असेल, तर सुतार तेवढाच कापून जोड लावून देतो. छताचा वासा, खांब, जिन्याचं लाकूड पोकळ वाजत असेल, तर आधी आधार द्या आणि जाणकाराला दाखवा, मग वाळवीचा विचार.

“आपलं सागवान आहे, त्याला काही होत नाही” हे अर्धंच खरं. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या बाजूचा जुना, गडद रंगाचा, गाभ्याचा साग खरंच टिकतो. सालीलगतचं पांढरट लाकूड मात्र सागाचं असलं तरी वाळवी आवडीने खाते, आणि आज बाजारात मिळणाऱ्या चौकटींत हा पांढरा भाग पुष्कळ असतो. विकत घेतानाच चौकट उलटून चारही बाजू पाहा. प्लायवर “वॉटरप्रूफ” छापलेलं असलं, म्हणजे ते वाळवीला पुरून उरेल असं नाही. साध्या वापराचं प्लाय आयएस ३०३ खाली येतं, मरीन प्लाय आयएस ७१० खाली. दुसऱ्यात लाकूड टिकवायचं औषध मुरवलेलं असावं लागतं. शिक्का बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर नको.

जे लाकूड ठेवायचं ठरलं, त्याच्या भिंतीला लागणाऱ्या बाजूला बारीक, साधारण सहा मिलिमीटरची, खाली उतरती भोकं पाडून सिरिंजने औषध भरतात आणि लाकडाच्या पुट्टीने बुजवतात. यासाठी लाकूड टिकवण्याचं तयार तेल मिळतं. काही कारागीर रॉकेलमध्ये औषध मिसळून भरतात. ते लाकडात छान मुरतं हे खरं, पण देव्हारा आणि किचन या दोन ठिकाणी ते करू देऊ नका. एकीकडे समई, दुसरीकडे गॅस.

मातीचा उपचार: मुख्य काम

यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचा दुसरा भाग नव्या बांधकामासाठी, तिसरा भाग बांधलेल्या घरासाठी. सगळ्या चांगल्या कंपन्या त्याच पद्धतीने काम करतात, आणि तुम्हाला ती ढोबळमानाने माहीत असली, की कोणी फसवू शकत नाही.

घरात: भिंत आणि फरशी जिथे मिळतात, त्या सांध्यात सुमारे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३० सेंटिमीटरला एक. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी हातपंपाने, भोक घेईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर. मग भोक बुजवायचं. बाहेर: जोत्यालगतची माती उकरून पाया थोडा उघडा करायचा, तिथे औषध ओतायचं, सळईने भोकं पाडून खोलवर पोचवायचं आणि उकरलेली मातीही औषधात भिजवूनच परत भरायची. बाहेर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील, तर भिंतीलगत त्यातूनच भोकं.

आता हिशेब करा. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटरच्या आत-बाहेर. दर ३० सेंटिमीटरला एक भोक म्हटलं की पंचेचाळीसच्या आसपास भोकं होतात. प्रत्येक भोक पूर्ण लिटर घेईलच असं नाही, पण एका खोलीला वीस-तीस लिटर पाणी सहज लागतं. तीन खोल्यांचं घर पाच लिटरच्या एका पंपात “करून देतो भाऊ, टेन्शन नका घेऊ” म्हणणारा माणूस काय करणार आहे, हे यावरून ओळखा. तो फरशीवर शिंपडणार आणि पैसे घेऊन जाणार.

औषधं साधारण तीन वापरात आहेत. (नावापुढची ईसी, एससी, एसएल ही अक्षरं औषध कुठल्या द्रव प्रकारात आहे ते सांगतात, ती डब्यावर छापलेली असतात.) क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी, एक लिटर पाण्यात ५० मिली. उग्र वास, जुनं आणि स्वस्त. घराच्या आत ते वापरू नये असं माझं मत. वास आठवडाभर राहतो. बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसी, लिटरला २० मिली. हे वाळवीला हुसकावतं, त्यामुळे औषधाची रेष कुठेही तुटली, तर तिथूनच ती आत शिरते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी, लिटरला २.१ मिली. याला वास जवळजवळ नाही आणि वाळवीला ते जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते, अंगाला लागलेलं औषध इतरांना देते आणि काही दिवसांत वसाहत ढासळू लागते. राहत्या घरासाठी मी हेच निवडेन. या तिन्हींचं प्रमाण डब्यावरच्या लेबलशी ताडून पाहा. फरक असला तर लेबल खरं. आणि कॉटन मार्केटच्या बाजूला कृषी केंद्रात मिळणारं इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल हे पिकांसाठीचं आहे. नाव तेच असलं, तरी घरासाठी ते आणायचं नाही.

जास्त औषध घातलं तर जास्त परिणाम, हा समज सोडा. हुसकावणारं औषध दाट झालं, की वाळवी त्याच्या जवळही येत नाही.

वेळ कोणती? पावसात नको, ओल्या मातीत औषध मुरत नाही आणि वाहून जातं. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्येही करता येतं, पण तेव्हा काळ्या मातीच्या भेगा हातभर खोल असतात. औषध त्यातून सरळ खाली निघून जातं आणि वरची माती कोरडीच राहते. आधी भेगा बुजवून, माती जराशी भिजवून, ती फडफडीत झाली की मग औषध.

अंगणात विहीर किंवा बोअर असेल, तर हे काम करणाऱ्याला पहिल्या मिनिटाला सांगा. त्या बाजूला औषध ओतू देऊ नका. घरात मासे पाळले असतील, तर टाकी बाहेर हलवा. बायफेन्थ्रिन माशांसाठी फार घातक आहे.

जीव आधी

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आपण विदर्भातली माणसं विसरू शकत नाही. घरातलं औषध त्याच घराण्यातलं असतं. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, बूट, चष्मा, नीट बसणारा मास्क. औषध ढवळायला काठी, हात नाही. जेवणाची भांडी, पाण्याच्या बाटल्या यांत औषध मोजायचं नाही, ठेवायचंही नाही. आणि काम चालू असताना खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) बंद. औषधाच्या हातांनी घोटलेला खर्रा थेट तोंडात जातो, याहून सोपा विषप्रयोग नाही. कामगाराला हे सांगायला संकोचू नका, त्याच्यासाठी साबण-पाणी काढून ठेवा.

लहान मुलं, गरोदर बाई, दम्याचा त्रास असलेली माणसं, कुत्रा-मांजर यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. परतायची वेळ लेबलावर असते. कुणाला मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांसमोर अंधारी असं काही झालं, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

डब्यावरचा रंगीत त्रिकोणही वाचायला शिका. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. आल्ड्रिन, क्लोरडेन यांसारखी जुनी औषधं देशात बंद आहेत. “माझ्याकडे जुना स्टॉक आहे, एकदम कडक” असं कोणी म्हणालं, तर दार लावून घ्या.

स्वतः करायचं की माणूस बोलवायचा

एखादं कपाट, एक चौकट, अंगणातला एक कोपरा एवढंच असेल, तर काळजी घेऊन स्वतः करता येतं. दोन खोल्यांत खुणा दिसल्या, भिंतीतून पंखवाले निघाले, किंवा घर जुनं मातीचं असेल, तर माणूस बोलवा. फरशीला ड्रिल मारताना आतली वायर, पाण्याचा पाइप फुटू शकतो. ते काम हाताला सवय असलेल्याचंच.

कीटकनाशक कायदा १९६८ नुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोलवाल्याकडे परवाना लागतो. तो दाखवा म्हणा. औषध कुठलं, किती टक्क्याचं, किती लिटर मिश्रण, भोकं कुठे-कुठे, हे कोटेशनमध्ये लिहून मागा. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडू द्या आणि मिश्रण तुमच्यासमोर बनू द्या. टाइल्स असतील, तर भोकं टाइलच्या अंगात नाही, मधल्या फटीत पाडायला सांगा, आणि बुजवायचा व्हाईट सिमेंटचा रंग आधीच ठरवा. नाहीतर हॉलभर ठिपके राहतात आणि घरात त्यावरून वेगळी भांडणं होतात.

पाच, सात, दहा वर्षांची वॉरंटी सर्रास मिळते. तिचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की वाळवी आली तर पुन्हा औषध मारून देऊ. खाल्लेल्या फर्निचरची भरपाई त्यात नसते. तपासणीला कधी येणार, हे लिहून घेतलं नाही, तर ते येत नाहीत. नंतर कधी तुम्ही बाथरूम नवीन केलं, ड्रेनेज लाइन बदलली, अंगण खोदलं, तर तेवढ्या भागातली औषधाची रेष तुटली असं समजून तो तुकडा पुन्हा करून घ्या. बहुतेक “औषध करूनही आली” या तक्रारींची मुळं अशा खोदकामात सापडतात.

घरगुती उपायांबद्दल

मीठ, व्हिनेगर, कडुलिंबाचा पाला, कापूर: जमिनीखालच्या वसाहतीला यातलं काही पोचत नाही. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि कोरड्या लाकडातल्या वाळवीवर ते काही देशांत वापरलंही जातं, पण भोकं पाडून, थेट तिच्या अंगावर. आपण नागपूरकरांनी कपाटात साली ठेवल्या, तर कपाटाला छान वास येईल, इतकंच. बोरिक पावडर किंवा बोरॅक्सचं पाणी कोऱ्या, रंग न दिलेल्या लाकडाला मुरवलं तर खरोखर उपयोगी पडतं. पावसात भिजणाऱ्या लाकडातून मात्र ते धुऊन जातं. कोरड्या लाकडातल्या वाळवीच्या छोट्या वस्तूंसाठी, चित्राची फ्रेम, पाट, पोळपाट, मे महिन्याचं ऊन हा चांगला इलाज. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर दोन-तीन दुपारी ठेवा.

फ्लॅटमध्ये आणि बागेत

चौथ्या मजल्यावर वाळवी कशी, असं लोक विचारतात. पाइपाच्या डक्टमधून, लिफ्टच्या भिंतीतून, किंवा गळणाऱ्या बाथरूमशेजारच्या ओल्या प्लायमध्ये उतरलेल्या पंखवाल्यांपासून. एकट्या फ्लॅटमध्ये औषध करून ती वरच्या नाहीतर खालच्या घरी जाते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तळमजला, डक्ट आणि पार्किंग एकत्र करायचा विषय घ्या, खर्चही वाटला जातो.

आंबा, कडुलिंब, संत्र्याच्या खोडावर मातीचा लेप दिसतो. बरेचदा वाळवी फक्त वरची मेलेली साल खात असते. झाडाला लगेच धोका नसतो. लेप ब्रशने काढा, बुंध्याजवळ कुजलेली पानं-फांद्या ठेवू नका. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावलीत तर बुरशीसाठी उत्तम, वाळवी मात्र तिने जात नाही. फुलोऱ्यावर असलेल्या झाडाजवळ इमिडाक्लोप्रिड नको, मधमाश्या मरतात. आणि शेतात-रानात वारूळ दिसलं म्हणून लगेच फोडायला धावू नका. चंद्रपूर-गडचिरोलीकडून पावसाळ्यात जे टेकोडे (रानातली अळंबी) आपल्या बाजारात येतात, ते वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीलाच येतात. घरापासून लांब असलेली वाळवी पालापाचोळा मातीत परत घालायचं काम करते.

नवीन घर बांधत असाल तर

बांधताना केलेला उपचार सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकाऊ, पण तो एकदाच जमतो. पायाच्या खड्ड्याचा तळ आणि बाजू, परत भरलेली माती, जोत्यातला मुरमाचा भराव फरशीच्या काँक्रीटआधी, आणि शेवटी घराभोवतीचा पट्टा, अशा टप्प्यांत तो होतो. आडव्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला ५ लिटर, पायाच्या उभ्या बाजूला ७.५ लिटर मिश्रण लागतं. ठेकेदार बहुतेक वेळा मधला एकच टप्पा करतो, तोही काँक्रीट ओतायच्या सकाळी. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या दिवशी साइटवर हजर राहा, डब्यांचे आणि बिलांचे फोटो काढून ठेवा, भरावातले लाकडाचे तुकडे, झाडांची मुळं, सिमेंटच्या कागदी पिशव्या वेचून बाहेर काढा. औषध मारल्यावर त्याच दिवशी पाऊस आला आणि काँक्रीट पडलं नसेल, तर तो टप्पा पुन्हा करायला लावा. ठेकेदार कुरकुरेल. बिल देण्याआधी हे ठरलेलं असलं, की कमी कुरकुरतो.